गळक्या भिंतीचे सर

लग्नाच्या मांडवात सरांच्या शेजारी बसायला आमच्या कॉलेजातलं कुणीही तयार नसे. त्यांच्या बाजूची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहायची आणि उशिरा आलेला एखादा अजाण पाहुणा तिच्यावर जाऊन बसायचा. मग त्याचं काय होतं ते आम्ही लांबून बघायचो. सर आधी रीतसर विचारपूस करायचे, गाव कुठलं, पाऊस झाला का, वगैरे. मग स्टेजकडे बोट करून म्हणायचे, "ते जरबेरा बघितलेत का? आपण त्याला एक फूल म्हणतो. ते एक नाही. शेकडो बारकी फुलं दाटीवाटीनं बसलीत त्याच्यात. म्हणजे इथं एका जोडप्याचं लग्न लागणार म्हणून तिथं हजारोंची लग्नं मोडून टांगलीत."

पाहुण्यानं हसावं की उठावं हे ठरायच्या आत मंगलाष्टकं सुरू व्हायची. सर थांबायचे नाहीत. भटजींच्या आवाजावर आवाज चढवून ते परागकण कुक्षीवर कसा पडतो, त्याला नळी कशी फुटते आणि ती नळी बीजांडापर्यंत वाट कशी काढते, हे सांगत राहायचे. "शुभमंगल सावधान" झालं की अक्षता टाकायचे आणि लगेच विचारायचे, "कुठपर्यंत आलो होतो आपण?"

सर वनस्पतिशास्त्राचे. मी पाथर्डीच्या त्या कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायला लागले तेव्हा मराठी विभागाला खोली नव्हती. माझं टेबल वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एका कोपऱ्यात टाकलं होतं. डोक्यावर फळी आणि फळीवर बरण्या. त्यातल्या एका बरणीत सायकस नावाच्या झाडाचा नरशंकू होता, कणसासारखा आडवातिडवा, आणि मी संतकाव्याचे पेपर तपासायला बसले की तो वरून बघत राहायचा. पहिल्याच दिवशी सरांनी त्याची ओळख करून दिली. "हा सायकसचा नर. याची मादी आपल्याकडे नाही. बरणीत आहे म्हणून शांत आहे." मी मान डोलावली. नवीन नोकरी होती, कशालाही मान डोलावत होते.

सर मूळचे कर्जतकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. बोलणं पुस्तकी, पण राग आला किंवा फार आनंद झाला की कर्जत बाहेर यायचं. रोज तोच फिकट निळा शर्ट, खिशात दोरीला बांधलेलं भिंग. त्या भिंगातून ते पानं बघायचे, भाजी घेताना भेंडीचे देठ बघायचे आणि एकदा तर मी दिलेला पेढासुद्धा बघितला. "बुरशी नाही," असं प्रमाणपत्र देऊन मगच खाल्ला.

जमिनीवरच्या वनस्पतींचे चार मोठे गट आहेत, हे मराठी शिकवणाऱ्या बाईला कळून काय उपयोग? पण सरांच्या खोलीत बसून ते न कळणं शक्य नव्हतं. मॉसवाल्या, नेचेवाल्या, उघड्या बियांच्या आणि फुलांच्या. सरांनी सगळा स्टाफ या चार गटांत वाटून टाकला होता. प्राचार्य उघड्या बियांचे. "उंच, कोरडे आणि झाकून काही ठेवणार नाहीत. मनात आलं की भर सभेत बोलून मोकळे. फळ मात्र धरत नाही." पदार्थविज्ञानाचे सर नेचा. "तोंडावर काही दिसायचं नाही. नेच्याचे बीजाणू पानाच्या पाठीमागं असतात, तसं यांचं सगळं पाठीमागं." मी माझा गट विचारला तेव्हा म्हणाले, "बाई, तुम्ही अजून कायम झाला नाहीत. रुजल्यावर बघू." मला हसूही आलं आणि जरा लागलंही.

या पदार्थविज्ञानाच्या सरांच्या दारात एक पपई होती. उंच गेलेली, फुलांनी लगडलेली आणि फळाचा पत्ता नाही. कुणीतरी त्यांना सांगितलं, बुंध्यात लोखंडी खिळा ठोका, नराची मादी होते. त्यांनी ठोकला. आपल्या सरांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते तास अर्धा सोडून त्यांच्या दारात गेले. "पदार्थविज्ञान शिकवता ना तुम्ही? खिळा ठोकून कुणाची बाई होती व्हय?" त्यांनी स्वतः पक्कड आणून तो खिळा काढला आणि झाडाला, माझ्या देखत, "माफ कर रे बाबा," म्हणाले. पदार्थविज्ञानाचे सर तेव्हापासून आमच्या खोलीवरून जाताना पलीकडच्या बाजूनं जायचे.

फाटकाजवळ एक मोरपंखी होती. कॉलेजातलं उघड्या बियांचं एवढं एकच जिवंत झाड. परीक्षा आली की पोरं तिची पानं ओरबाडून पुस्तकात ठेवायची. पुस्तकात मोरपंखी ठेवली की विद्या येते, हे आपल्याकडे शाळेपासून सगळ्यांना माहीत. सरांनी तिथं पाटी लावली: "हे झाड वाऱ्यावर परागण करते. विद्येचा आणि याचा संबंध नाही. विद्या हवी असल्यास वर्गात यावे." पाटीचा परिणाम असा झाला की पोरं पान तोडायच्या आधी पाटी वाचायला लागली.

फुलांच्या झाडांबद्दल सरांना फारसा आदर नव्हता. "रंग, वास, मध. केवढा थाट! आणि कशासाठी, तर एक माशी यावी म्हणून. स्वतःच्या लग्नाला दुसऱ्याला राबवणारी जमात ही." त्यांचा जीव जडला होता तो मॉसवर. तेही पाथर्डीत, जिथं नळाला पाणी कधी येणार हे विचारल्यावर लोक हसतात. मॉस म्हणजे भिंतीवर, दगडावर, ओल असेल तिथं मखमलीसारखी पसरते ती हिरवळ. तिला शेवाळ म्हटलेलं सरांना चालायचं नाही. "शेवाळ विहिरीतलं. हिला खोड आहे, पानं आहेत, अब्रू आहे."

या मॉसचा नर पोहत मादीकडे जातो. सरांनी हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी डबा खात होते. "वारा नाही, माशी नाही, कुणी मध्यस्थ नाही. पाण्याचा पातळ थर असला की झालं. पण तो पाहिजेच. पाणी नाही तर लग्न नाही, लग्न नाही तर लेकरू नाही. बाई, तुम्ही जेवा, जेवा."

मी बेलापूरची. कॅनॉलच्या पाण्यावर वाढलेली. आमच्या न्हाणीघराच्या मागच्या भिंतीवर असली हिरवळ बारा महिने असते आणि आई ती घसरायला होतं म्हणून खरवडून काढते, हे मी सहज बोलून गेले. सरांच्या हातातला चहा तसाच राहिला. पुढच्या सुट्टीवरून परतताना मी डब्यात पोळीभाजीच्या ऐवजी न्हाणीघराच्या भिंतीचा एक पोपडा घेऊन आले. एसटीत शेजारच्या बाईंनी विचारलं, "चटणी का?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "वास येतोय छान."

तो पोपडा सरांनी प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवला, कारण सगळ्या कॉलेजात ओली जागा तेवढीच होती. वरच्या टाकीचा पाइप त्या भिंतीतून खाली यायचा आणि आत कुठंतरी त्याचा सांधा गळायचा. भिंत उत्तरेची, ऊन नाही, वरून सतत झिरप. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत तिथं हातभर रुंदीची हिरवी चादर पसरली. सर म्हणायचे, बीजाणू वाऱ्यानं आले. मी म्हणायचे, माझ्या माहेरचे आहेत. यावर आमचा शेवटपर्यंत निकाल लागला नाही.

आता पाथर्डीत पाणी गळू देणं म्हणजे काय, हे तिथं राहिलेल्या माणसालाच कळेल. घरात नळ ठिबकला तर लोक खाली पातेलं लावतात. आणि इथं एक प्राध्यापक गळती सांभाळत होता. प्राचार्य फेरीला निघाले की सर धावत मागे जायचे आणि त्या भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, जणू सहज वारा खायला आलेत. प्राचार्य समोर येऊन बोलत राहायचे, सर हसत राहायचे. परत खोलीत आले की शर्टाची पाठ चिंब आणि त्यावर हिरवट डाग. त्यांच्या घरच्या काकू मला एकदा म्हणाल्या, "घरातला नळ टिपकला तर यांना रात्रभर झोप नाही. आणि कॉलेजात भिंत गळते तर तिला पाठीशी घालतात. खरोखरच पाठीशी. शर्ट मी धुते ना."

सरांचं ते शेवटचं वर्ष. उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते. दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं त्या सकाळी ते मागून पळत आले, पळत म्हणजे खरंच पळत, आणि माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाले, "बाई, पोटुशी हाय!"

मी घाबरून विचारलं, "कोण?"

त्यांनी मला हाताला धरून मागे नेलं. हिरव्या चादरीतून केसासारखे बारीक दांडे वर आले होते आणि प्रत्येकाच्या टोकाला एक हिरवं बोंड मान खाली घालून उभं होतं. सर भिंग माझ्या डोळ्याला लावून सांगत होते. या पावसाळ्यात या भिंतीवर लग्नं लागली होती, आणि ही त्यांची फळं नव्हेत, बियाही नव्हेत, या बीजाणूंच्या पेट्या. आत हजारो बीजाणू. अजून कच्चे. थंडी सरत आली की बोंड तांबूस होईल, डोक्यावरची टोपी पडेल, झाकण उघडेल आणि बीजाणू वाऱ्यावर जातील.

"लई वर्षं झाली, बाई," सर म्हणाले, "पोरांना मी हे बरणीतलं दाखवतो. माझ्या आधीच्या सरांनी महाबळेश्वरहून आणलेलं. पिवळं पडलंय. माझ्या एकाही विद्यार्थ्यानं पेटी उघडताना बघितली नाही. मीसुद्धा आपल्या गावात बघितली नाही. आता फक्त ही पिकेपर्यंत भिंत ओली राहायला पाहिजे. बास. मग मी जायला मोकळा." मला त्या क्षणी त्या बोंडांपेक्षा सरांचीच काळजी वाटली.

त्या दिवसापासून सरांची सकाळ भिंतीपाशी सुरू व्हायला लागली. खालच्या कडेलाही मॉस पसरली होती, ती चपलेखाली येऊ नये म्हणून ते चपला लांब काढायचे. मग भिंतीसमोर उकिडवे बसायचे. झिरप कमी वाटली तर तांब्यात बोटं बुडवून पाणी शिंपडायचे. मग डोळे मिटल्यासारखे करून भिंगातून बघायचे, तोंडानं काहीतरी पुटपुटत. ते बोंडं मोजत असायचे. पण कंपाउंडच्या पलीकडे वस्ती होती आणि वस्तीतून जे दिसायचं ते असं: एवढा शिकलेला माणूस रोज सकाळी अनवाणी येतो, भिंतीपुढं बसतो, पाणी शिंपडतो आणि मंत्र म्हणतो.

आठवड्याच्या आत भिंतीच्या पायथ्याच्या दगडाला शेंदूर लागला.

सर खवळले. शेंदरात तेल असतं आणि तेल मॉसला सोसत नाही. त्यांनी स्पिरिटचा बोळा घेऊन दगड घासून काढला. दुसऱ्या दिवशी शेंदूर परत, वर नारळ. मग उदबत्ती आली. धूर बोंडांवर जायला लागला तेव्हा सरांनी मॉसच्या शास्त्रीय नावासकट ठळक अक्षरांत पाटी लिहिली: "येथे कोणतेही दैवत नाही. ही फ्युनारिया आहे." मी त्यांना सांगत होते, सर, पाटीच्या नादाला लागू नका, मोरपंखीचं काय झालं आठवा. त्यांनी ऐकलं नाही. दोन दिवसांनी पाटीला झेंडूचा हार होता आणि वस्तीत देवीचं नाव फुनाराई झालं होतं.

आमची पोरंही काही कमी नव्हती. बीएस्सीच्या शेवटच्या वर्गातला एकजण मॉसचं जीवनचक्र घडाघडा म्हणून दाखवायचा आणि जाताना हळूच फुनाराईच्या पाया पडायचा. सरांनी त्याला पकडलं तेव्हा तो म्हणाला, "सर, दोन्ही बाजूनं तयारी असलेली बरी."

हे सगळं प्राचार्यांच्या कानावर जायचंच होतं. गेलं. आणि देवीबरोबर गळतीही कानावर गेली. होस्टेलच्या मुली बादल्या घेऊन रांगा लावतात आणि प्रयोगशाळेच्या मागं पाणी वाया जातंय, हे ऐकून प्राचार्य, ते खरंच काही झाकून ठेवत नसत, भर व्हरांड्यात सरांवर ओरडले. सर मान खाली घालून उभे होते. "पाणी वाया जात नाहीये," एवढंच ते म्हणाले. दुपारी प्लंबर आला. दत्तू नावाचा, गावातलाच.

सांधा भिंतीच्या आत होता. फोडायची जागा नेमकी हिरव्या चादरीच्या वरच्या बाजूला. दत्तूनं छिन्नी-हातोडी काढली, पुढं झाला आणि शेंदूर बघून मागं सरला.

"साहेब, हे मला जमायचं न्हाई."

"का?" प्राचार्य.

"देवीचं ठिकान हाय. माझी आय फुलं घालती हितं. मी छिन्नी लावली तर ती मला घरात घेनार न्हाई. दुसरा मानूस बघा." आणि जरा थांबून, "दुसराबी येनार न्हाई म्हना."

प्राचार्यांनी भिंतीकडे बघितलं, दगडाकडे बघितलं, कंपाउंडवरून डोकावणाऱ्या बायांकडे बघितलं. कोरडा माणूस, पण गावात राहायचं होतं. सरांजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "राहू द्या मग. उन्हाळ्याच्या सुट्टीत बघू."

म्हणजे सर जिंकले होते. काही न करता. बोंडं पिकायला हवा होता तेवढा वेळ शेंदरानं मिळवून दिला होता. मी सरांकडे बघून हसले. सरांच्या चेहऱ्यावर मात्र ओशाळं, चोरट्यासारखं काहीतरी होतं.

तेवढ्यात कंपाउंडच्या फटीतून एक आजी आत आल्या. हातात पाण्याचा तांब्या. मी त्यांना रोज बघायचे. शेंदूर कुणी लावला माहीत नाही, पण पाणी घालायला त्या न चुकता यायच्या. मुलगा आणि सून दिवाळीनंतर ऊस तोडायला गेले होते, आजी एकट्याच घर राखायला मागं राहिल्या होत्या. वस्तीतली निम्मी घरं तशीच होती. आजींनी भिंतीला पाणी घातलं, पदर सावरला आणि सरळ सरांना विचारलं.

"मास्तर, तुमी शिकल्यालं मानूस. तुमी सांगताय पोरांना, हितं पानी पडलं की लेकरं हुत्यात. मी कंपाउंडाच्या पलीकडनं ऐकलंय. माजी सून तिकडं कारखान्यावर हाय. लगीन हून लई वर्सं झाली. तिच्या नावानं मी पानी घालते. खरं सांगा. हुईल का तिला?"

दत्तू थांबला. प्राचार्य थांबले. सरांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. गप्प राहिले असते तरी चाललं असतं. मी मनात म्हणत होते, सर, आज तेवढं गप्प बसा.

"नाही, आजी," सर म्हणाले. "त्याचा आणि हिचा काही संबंध नाही. हितं देवी न्हाई. ही एक वनस्पती आहे. पाण्यानं तिला लेकरं होतात, माणसाला नाही. सुनेला डॉक्टरकडं न्या. मुलालाही न्या, दोघांना."

आजींनी हातातल्या तांब्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मंग येवढं दिस मी कुनाला पानी घालत हुते?"

सरांनी दोरीचं भिंग काढलं, आजींच्या डोळ्याला धरलं. "हिला. ही मान खाली घातलेली दिसतात का? ही तिची लेकरं. अजून कच्ची आहेत." आजींनी बघितलं. भिंग परत दिलं. रिकामा तांब्या घेऊन फटीतून निघून गेल्या, मागं न बघता.

सर दत्तूला म्हणाले, "घाल छिन्नी."

मला सरांचा राग आला. अगदी खरा राग आला. एका म्हातारीची आशा मोडली, स्वतःची भिंत घालवली, आणि कशासाठी, तर एक शब्द खोटा पडू नये म्हणून. मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनाही ते कळलं असावं, कारण संध्याकाळी चपला घालता घालता ते आपणहून म्हणाले, "बाई, त्या बाईला मी हो म्हणालो असतो, तर ती सुनेला डॉक्टरकडं कधी नेणार होती?"

दत्तूनं मात्र एक केलं. देवी नसली तरी हिरवं आहे म्हणाला, आणि चादरीच्या वरून, बाजूनं, हळूहळू फोडत सांध्यापर्यंत गेला. मॉसच्या अंगाला त्यानं धक्का लावला नाही. पण सांधा पक्का झाला आणि झिरप थांबली. दोन दिवसांत भिंत वरून पांढरी पडायला लागली. थंडीतला कोरडा वारा होता. पानं आवळायला लागली. बोंडं अजून हिरवीच.

टाकीच्या पाण्याला हात लावणार नाही असा शब्द सरांनी प्राचार्यांना दिला होता. म्हणून ते घरून प्यायच्या पाण्याची बाटली आणायचे आणि सगळी भिंतीवर शिंपडायचे. स्वतः दिवसभर कोरडे. तासाला शिकवता शिकवता त्यांचा आवाज बसायचा. काकूंनी ओळखलं आणि दुसरी बाटली द्यायला लागल्या, तीही भिंतीवर जायची. पण सुट्टीच्या दिवशी कॉलेजला कुलूप, आणि बाटलीभर पाण्यानं एवढी भिंत किती ओली राहणार? सर उकिडवे बसून बघत राहायचे. बोंडं मोजणं त्यांनी बंद केलं होतं.

एका सकाळी मी आले तर भिंत ओली. सरही माझ्याबरोबरच आले होते. आम्ही एकमेकांकडे बघितलं. कंपाउंडच्या फटीशी आजी उभ्या, हातात पातेलं.

"आजी, मी सांगितलं ना, ही देवी नाही," सर म्हणाले.

"ऐकलं की. भयरी हाय का मी? देव न्हाई म्हनला, न्हाई तर न्हाई. पर लेकरं तर हायेत न्हवं हिची? तुमीच दावली. दावल्यावर मंग कशी वाळू द्यायची?"

सर पातेल्याकडे बघत राहिले. मग त्यांच्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. "हे पाणी कसलंय? साबणाचं नाही ना?"

"तांदूळ धुतल्यालं हाय."

सरांनी पातेल्यात बोट बुडवून चाखलं. "मीठ नाही. चालेल."

आजी एकट्या नव्हत्या. त्यांनी वस्तीतल्या बायांना सांगितलं होतं, काय सांगितलं ते देवी जाणे. कुणी डाळ धुतलेलं पाणी आणायची, कुणी भाजी धुतलेलं. सर फटीशी भिंग घेऊन जकात नाक्यावरच्या माणसासारखे उभे राहायचे आणि प्रत्येक पातेलं चाखायचे. हळदीचं परत, साबणाचं परत. एकदा कुणीतरी मटण धुतलेलं आणलं. ते चाखल्यावर सर, जन्माचे शाकाहारी, दिवसभर चूळ भरत होते. सुट्टीच्या दिवशीही भिंत ओली राहायला लागली. कुणी पाया पडत नव्हतं. फक्त निघताना आजी वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, "बरी हायेत."

थंडी सरली. बोंडं पिवळी, मग तांबूस झाली. टोप्या पडल्या. एका दुपारी सरांनी फटीशी उभं राहून जाहीर केलं, "आता पाणी बंद."

बायांनी गिल्ला केला. पोरं बाहेर पडायच्या वेळेला आईचं पाणी तोडता? मानूस हाय का कोन? सरांनी त्यांना तिथंच तास घेतला. पेटीच्या तोंडाला बारीक दात असतात, ओलाव्यात ते मिटलेले राहतात, कोरड्या हवेत उघडतात. लेकरं व्हायला पाणी लागतं आणि लेकरं जायला कोरडा वारा. आई वाळते, पण मरत नाही, पाऊस आला की परत हिरवी होते. आजी सगळं ऐकून म्हणाल्या, "आमचं निराळं काय असतंय?"

दोन दिवसांनी सकाळी सगळा वर्ग भिंतीपुढं अनवाणी रांगेत उभा होता. मीही होते. प्राचार्य लांब व्हरांड्यात उभे होते, आपण सहज आलोय असं दाखवत. सरांनी भिंग पहिल्यांदा आजींच्या डोळ्याला धरलं. "झाकण उघडलंय. आता हलकेच फुंका."

आजींनी फुंकर घातली. कोवळ्या उन्हात बारीक धूर उठल्यासारखा झाला, हिरवट, आणि पसरत कंपाउंडवरून पलीकडे गेला.

"कुटं जानार ही?" आजींनी विचारलं.

"वारा नेईल तिकडं. ओल मिळेल तिथं."

आजी त्या धुराकडे बघत राहिल्या. तो दिसेनासा झाला तरी बघत होत्या. मग हात वर करून म्हणाल्या, "जावा बाबांनो. कुटंबी जावा. निस्तं उसाला जाऊ नका."

रांगेतली निम्मी पोरं ऊसतोडीच्या घरातलीच होती. कुणी हसलं नाही. सर चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसत होते, बराच वेळ पुसत होते. मग त्यांनी भिंग पुन्हा आजींच्या हातात दिलं.

"आजी, आणखी एकदा फुंका," ते म्हणाले. "जरा जोरात."